लेक्चर संपल्यावर यॉर्क: ठाण्याहून लीड्सला शिकायला निघालेल्यांसाठी

जुलै-ऑगस्ट आला की पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये सुटकेस उघडी पडलेली असते. आई भाजणीची पिशवी आत ठेवते, पोरगं ती काढून जॅकेट कोंबतं, बाबा "तेवीस किलो, तेवीस किलो" असा जप करत वजनकाटा हलवतात. मग मला विचारणा होते, "ताई, तू लीड्सला होतीस ना? कुकर न्यायचा का गं?" न्या. तीन लिटरचा न्या, जास्तीची शिट्टी आणि रिंग विसरू नका.

कुकरचं सगळेच सांगतात. मी जे सांगते ते सहसा कुणी विचारत नाही. पहिल्या महिन्याभरात, शनिवार-रविवारची वाट न बघता, एखाद्या बुधवारी किंवा गुरुवारी लेक्चर संपलं की तडक यॉर्क या इंग्लंडातल्या जुन्या तटबंदीच्या शहराला जाऊन या. लीड्सपासून साधारण 40 किलोमीटर, थेट गाडीने 25 मिनिटांच्या आसपास. आपण ठाण्याहून सीएसएमटीला जातो ते अंतर 34 किलोमीटर, आणि फास्ट लोकललाही त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे "फिरायला जायचंय" म्हणून सुट्टी काढायची, हॉटेल शोधायचं, ग्रुप जमवायचा, यातलं काहीच करावं लागत नाही. (ग्रुप जमवूच नका. आठ जण ठरवतात, तीन येतात आणि त्यातल्या एकाला भूक लागलेली असते.)

संध्याकाळीच का? दिवसा यॉर्कमध्ये बसभरून पर्यटक असतात आणि जिथे तिथे तिकीट असतं. पाच-साडेपाचला तिकिटाची ठिकाणं मिटतात, बस निघून जातात आणि उरतं ते फुकट असतं: तटबंदी, गल्ल्या, नदी, मिन्स्टरमधलं, म्हणजे तिथल्या प्रचंड जुन्या चर्चमधलं गाणं. विद्यार्थ्याच्या खिशाला याहून चांगला सौदा नाही. तुम्ही न्यूकॅसलला असाल तर हेच डरहॅमला करता येईल, ब्रिस्टलला असाल तर बाथला. पुढची रीत तीच, फक्त गावाचं नाव बदला.

आधी परतीची गाडी

शेवटची कर्जत किती वाजता, शेवटची कसारा किती वाजता, हे ठाणेकराला शिकवावं लागत नाही. पण परदेशात गेल्यावर का कोण जाणे आपण जायची गाडी बघतो आणि यायचं "बघू नंतर" म्हणून सोडून देतो. उलटं करा. नॅशनल रेलच्या ॲपवर त्या दिवशीच्या यॉर्क ते लीड्स शेवटच्या दोन गाड्या बघा आणि कागदावर लिहा. हो, कागदावर. फोनची बॅटरी थंडीत कशी उतरते ते नोव्हेंबरात कळेल. शेवटच्या आधीची गाडी आपली, शेवटची राखीव. सगळी संध्याकाळ त्या वेळेपासून मागे मोजत आखायची.

रविवार शक्यतो टाळा. तिकडेही मेगाब्लॉक असतो, नाव वेगळं इतकंच. रुळांची कामं निघतात, गाडीऐवजी बस सोडतात आणि 25 मिनिटांचा प्रवास लांबतच जातो. शनिवारी वेगळी तऱ्हा. लग्नाआधीच्या पार्ट्यांना आलेले घोळके दुपारपासूनच पीत असतात आणि घोड्यांच्या शर्यती असल्या तर रात्रीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मधला वार.

शेवटची गाडीच रद्द झाली तर घाबरून स्वतःच्या पैशांनी टॅक्सी करू नका. तुमच्याकडे त्या प्रवासाचं वैध तिकीट असेल, तर शक्य असेल तिथे तुम्हाला पोचवण्याची पर्यायी सोय करणं रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक आहे. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जा, तिकीट दाखवा, शांतपणे "हाउ विल यू गेट मी टू लीड्स?" असं विचारा. आपल्याकडे लोकल रद्द झाल्यावर कुणाला काही विचारायची सवय नसते, त्यामुळे हे जमायला मला एक सेमिस्टर लागली.

तिकीट

पोचल्या आठवड्यातच 16–25 रेलकार्ड काढा. 2025 पासून वर्षाला 35 पाउंड, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. वय 26 च्या पुढे असेल तरी पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास मिळतं, कॉलेजकडून तसा दाखला लागतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत प्रवास केला तर किमान भाड्याची एक अट आड येते, पण संध्याकाळच्या सहलीला तिचा प्रश्नच नाही.

तिकिटाचे प्रकार मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. "ॲडव्हान्स" तिकीट स्वस्त, पण ते त्याच एका गाडीचं. दहा मिनिटं आधीच्या गाडीत बसलात तर ते चालत नाही. मी बसले होते. आपल्याकडे रिटर्न तिकीट काढलं की कुठलीही लोकल आपलीच, त्या सवयीने. डब्यात तपासनीस आला, मी आत्मविश्वासाने तिकीट पुढे केलं, त्याने ते वाचलं आणि फार सौम्यपणे मला नवीन तिकीट काढायला लावलं. इंग्लंडमध्ये तिकिटाविना सापडलात तर दंड 100 पाउंड आणि वर एकेरी भाडं. 21 दिवसांत भरला तर निम्मा. तो आकडा रुपयांत करून बघू नका. "ऑफ-पीक" म्हणजे बिनगर्दीच्या वेळचं रिटर्न घेतलंत तर संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालतं का, ही ओळ खाली बारीक अक्षरांत असते, ती वाचा. चारच्या सुमारास निघणार असाल तर नेमकी तीच आडवी येते. गाडी उशिरा पोचली तर "डिले रिपे"चा अर्ज भरा. या मार्गावरच्या बऱ्याच गाड्यांना 15 मिनिटं उशीर झाला तरी भाड्यातला काही भाग परत मिळतो. 15 मिनिटं! मध्य रेल्वेने ही योजना आणली तर तिचं दिवाळं निघेल.

रेलकार्ड फोनमध्ये, तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, म्हणून पॉवर बँक हवीच.

उजेड किती वाजेपर्यंत

ठाण्यात सूर्य वर्षभर सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे "संध्याकाळ" म्हणजे काय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तिकडे तसं नाही. जूनमध्ये यॉर्कला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आसपास. शिवाय मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं.

माझी पहिली फेरी डिसेंबरातली. साडेचारला स्टेशनबाहेर पडले तर मिट्ट काळोख, तटबंदीवर जायच्या जिन्याच्या फाटकाला कुलूप. तटबंदी सकाळी आठला उघडते आणि अंधार पडू लागला की बंद होते, हे मला माहीत नव्हतं. बर्फ असेल तर दिवसाही उघडत नाहीत. सप्टेंबरात कॉलेज सुरू होतं तेव्हा सातपर्यंत उजेड मिळतो, म्हणून पहिल्या महिन्यातच जा असं म्हणते. ते हुकलं तर मार्च-एप्रिल. तटाच्या खालच्या हिरव्या उतारांवर तेव्हा डॅफोडिल्स फुललेली असतात, पिवळीधमक, आपल्या सोनकीची आठवण यावी अशी.

पोचल्यावर

सप्टेंबरातला बुधवार धरून सांगते. लीड्सहून चार-सव्वाचारची गाडी घ्या. यॉर्कच्या फलाटावर उतरलात की पळू नका, वर बघा. 1877 सालचं हे स्टेशन वळणावर बांधलंय, त्यामुळे लोखंडी कमानींचं छप्परही रुळांसोबत वळत जातं. ठाण्याच्या माणसाने इथे थोडा भाव खायला हरकत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्या गावी आली होती, म्हणजे या स्टेशनच्या 24 वर्षं आधी. कधी लेक्चर दुपारीच संपलं तर स्टेशनच्या मागे नॅशनल रेल्वे म्युझियम आहे. प्रवेश फुकट, पण पाचला बंद. 1938 मध्ये ताशी 126 मैल धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं निळं "मॅलर्ड" तिथेच आहे. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी ठाण्याच्या गाडीबद्दल सांगितलं. त्यांनी मला 20 मिनिटं सोडलं नाही.

स्टेशनबाहेर समोरच तट दिसतो. त्याच्या कडेने लेंडल ब्रिजवर या आणि ऊझ नदी ओलांडा. पुढे यॉर्क मिन्स्टरचे मनोरे दिसतात, रस्ता विचारायची गरज पडत नाही. पाच-सव्वापाचला तिथे असायला हवं.

दिवसा मिन्स्टर बघायला तिकीट आहे आणि ते चांगलंच महाग आहे. पण इव्हनसाँगला, म्हणजे सायंप्रार्थनेला, कुणीही बसू शकतं, पैसे लागत नाहीत. बहुतेक दिवशी ती साडेपाचला असते, रविवारी चारला. त्या आठवड्याची वेळ संकेतस्थळावर बघून घ्या. दारावरच्या माणसाला "फॉर इव्हनसाँग" एवढंच म्हणा. ख्रिस्ती असायला हवं असं नाही. तुम्हाला आत, कोरीव लाकडी आसनांच्या भागात बसवतील. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. फोन बंद, फोटो नाही. पाऊण तास जातो. कोपिनेश्वराच्या आरतीला घंटा, टाळ्या, "जोरात म्हणा रे" हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं, त्यामुळे एवढ्या लोकांनी एवढं गप्प बसून नुसतं ऐकायचं याचं पहिल्यांदा दडपण येतं. मग गाणाऱ्यांचा आवाज त्या उंच छतापर्यंत जाऊन परत येतो आणि दडपण जातं. समोर वेदीच्या मागे जी प्रचंड काच दिसते ती ग्रेट ईस्ट विंडो, जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने 1405 ते 1408 अशा तीन वर्षांत ती पुरी केली, मोबदला 56 पाउंड.

बाहेर पडलात की दक्षिणेच्या अंगणात कॉन्स्टंटाइनचा पुतळा, आरामात रेलून बसलेला. रोमन लोकांनी इसवी सन 71 मध्ये इथे छावणी टाकली, आणि 306 मध्ये इथेच कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं. पुढे 866 मध्ये व्हायकिंग आले आणि भाषेत गोंधळ करून गेले. इथे रस्त्याला "गेट" म्हणतात, त्यांच्या "गाता" या शब्दावरून. तटाच्या दरवाजाला "बार" म्हणतात. आणि प्यायला जातात तो पब. "मिकलगेट बारपाशी भेटू" असं कुणी म्हणालं तर तिथे ग्लास मिळणार नाही. ती वेस आहे, जिथे पूर्वी राजद्रोह्यांची मुंडकी टांगत.

आता उजेड आहे तोवर तट. सगळा तट सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे, तो संध्याकाळी पुरा करायचा हट्ट नको. मिन्स्टरजवळच्या बूथम बारला चढा, मंक बारला उतरा. वीस मिनिटांचा हाच तुकडा सर्वांत देखणा, कारण डाव्या हाताला शहराबाहेरची घरं आणि उजव्या हाताला मिन्स्टर, त्याच्या पायाशी लोकांच्या परसबागा. वाट अरुंद आहे, आतल्या बाजूला सगळीकडे कठडा नाही, सेल्फी घेताना मागे सरकू नका.

मंक बारहून गुडरमगेटने आत या. उजव्या हाताला लेडी रो नावाची बुटकी जुनी घरं लागतात, 1316 च्या सुमाराची. तिथून शॅम्बल्स. फोटोंत बघितलेली ती हीच गल्ली: लाकडी घरांचे वरचे मजले पुढे झुकलेले, इतके की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावेत. ही खाटीक आळी होती. दुकानांच्या बाहेर मांस टांगायचे आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या अजून आहेत, खाटीक मात्र एकही नाही. दिवसा इथे जादूच्या छड्या विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा असतात. साडेसहानंतर गल्ली रिकामी होते. तेव्हा थांबा. मी तर तिथे नुसतीच उभी राहायचे, पाच-दहा मिनिटं.

या भागातल्या बोळांना "स्निकलवे" म्हणतात. शब्द जुना वाटला तरी 1983 मध्ये एका स्थानिक लेखकाने बनवलेला आहे. नकाशा बंद करा आणि दिसेल त्या बोळात शिरा. जांभळी नाक्याच्या मागच्या गल्ल्यांत ज्याला कधी हरवायला झालं नाही त्याला इथेही होणार नाही, आणि मान वर केली की मिन्स्टर कुठल्या बाजूला ते बहुतेक ठिकाणी कळतं. स्टोनगेटवर एका दुकानाच्या कोपऱ्यात साखळीने बांधलेला लाल सैतान बसवलाय. छापखान्यातल्या पोऱ्याला "प्रिंटर्स डेव्हिल" म्हणत, त्याची ती पाटी. मिन्स्टरच्या शेजारच्या छोट्या चर्चमध्ये 1570 मध्ये गाय फॉक्सचं बारसं झालं. तोच, 1605 मध्ये पार्लमेंट उडवायच्या कटात सापडलेला, ज्याच्या नावाने 5 नोव्हेंबरला सगळ्या इंग्लंडात फटाके उडतात आणि त्याचे पुतळे जाळतात. दिवाळीत घरची आठवण येऊन डोळे भरले असतील तर ती रात्र पुष्कळ औषधी आहे. गंमत म्हणजे तो ज्या शाळेत शिकला ती शाळा आपल्या जुन्या विद्यार्थ्याचा पुतळा जाळत नाही.

क्लिफर्ड्स टॉवरलाही जा, बाहेरूनच. हिरव्या टेकाडावर एकटा दगडी बुरूज. 1190 च्या मार्चमध्ये जमावाच्या भीतीने शहरातल्या सुमारे दीडशे यहुद्यांनी तिथल्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात आसरा घेतला होता; त्यातल्या बहुतेकांनी आत स्वतःचा जीव घेतला, उरलेल्यांना बाहेर आल्यावर मारलं. पायथ्याशी त्याची पाटी आहे. ती वाचा.

रात्री करण्यासारखी अजून एक गोष्ट म्हणजे भुतांची फेरी. 1973 पासून चालू असलेली एक आहे, ती जगातली पहिली असल्याचं सांगतात. नंतर बऱ्याच निघाल्या. काळा कोट घातलेला गाइड तासभर गल्ल्यांतून फिरवतो. सगळ्यांत गाजलेली गोष्ट 1953 ची: ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात काम करणाऱ्या प्लंबरच्या शिकाऊ पोराला भिंतीतून रोमन सैनिक येताना दिसले, पण गुडघ्यांपासून वरचेच. जुना रोमन रस्ता फरशीच्या खाली होता ना! येऊरच्या गोष्टी ऐकून वाढलेल्यांना भीती वाटणार नाही, पण इंग्रजी कानावर पडायला याहून मजेशीर शिकवणी नाही. ही फेरी धरलीत तर परतीची गाडी पुन्हा एकदा तपासा.

खाणं

यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत तळणासाठी तेल नसतं, बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईची चरबी असते. माझी रूममेट आळंदीच्या माळकरी घरातली. "मासे नकोत, नुसते बटाटे द्या" म्हणून तिने चिप्स घेतल्या, अर्ध्या खाल्ल्या आणि मग भिंतीवरची पाटी वाचली. पुढचा तासभर ती नदीकडे बघत बसली होती. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, "कुक्ड इन व्हेजिटेबल ऑइल?" यॉर्कशर पुडिंग गोड नसतं आणि त्यात अंडं असतं. जेलीच्या गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासून केलेलं.

स्वस्त उपाय दोन. सुपरमार्केटात सँडविच, पेय आणि वेफर्स मिळून "मील डील" मिळतं, आणि संध्याकाळी पिवळं स्टिकर लावून भाव उतरवलेल्या वस्तू असतात. दुसरा उपाय डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. बेटीज नावाचं प्रसिद्ध टी-रूम आहे, यॉर्कमधलं 1937 पासूनचं. आई-बाबा दीक्षान्त समारंभाला आले की त्यांना घेऊन जा, स्वतःच्या खर्चाने एकट्याने नको. आणि भूक लागायच्या आधीच बसा. ठाण्यात रात्री अकरालाही कुठेतरी गरम वडा मिळतो, तिकडे आठ-साडेआठनंतर बऱ्याच ठिकाणी "किचन क्लोज्ड" ऐकावं लागतं.

परतताना

जेवून झाल्यावर नदीकाठी बसायचा मोह होतो. किंग्ज स्टेथच्या घाटाला कठडा नाही, फरशी ओली आणि पाण्याला ओढ आहे. ऊझला वारंवार पूर येतो, काठावरच्या एका पबमध्ये पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. रात्री तिथून दूर राहा, स्टेशनला जायला दिव्यांचा मोठा रस्ता घ्या. मुलींनी तर घ्याच. गाडीत कुणी त्रास दिला तर रेल्वे पोलिसांना 61016 वर संदेश पाठवता येतो, बोलावं लागत नाही. जिवावरचं असेल तर 999.

पावसाचं जॅकेट न्या, छत्री नको. तिथला वारा छत्रीचं काय करतो ते लेंडल ब्रिजजवळच्या कचऱ्याच्या डब्यांत बघायला मिळेल.

राहता राहिली आई. तुम्ही नऊला भुतांची फेरी संपवता तेव्हा ठाण्यात उन्हाळी घड्याळाप्रमाणे रात्रीचे दीड वाजलेले असतात, हिवाळ्यात अडीच. "घरी पोचल्यावर फोन करते" असं सांगितलंत तर ती तोवर जागी राहणार. म्हणून लाइव्ह लोकेशन लीड्सच्या रूममेटला द्या आणि आईला मिन्स्टरमध्ये शिरण्यापूर्वी, म्हणजे तिच्या झोपायच्या आधी, फोन करा. "आज यॉर्कला आलेय, उद्या सकाळी बोलू." तरी ती विचारेलच, "एकटीच आहेस? जेवलीस का गं? गाडी किती वाजताची?" तेव्हा खिशातला तो कागद काढून वेळ वाचून दाखवा.